हजार खुर्च्यांचा मोह

दोन घरांच्या बागांमध्ये एक भिंत आहे. अलीकडे मुलगी, पलीकडे मुलगा, आणि दोघं एकमेकांसाठी झुरतायत. रंगमंचावर मात्र भिंत कुठेच दिसत नाही. एक मूक नट पुढे येतो, हातातली काठी आडवी धरतो आणि तसाच उभा राहतो. झाली भिंत. पाऊस पाडायचा असेल तेव्हा हाच नट कागदाचे कपटे प्रेमिकांच्या डोक्यावर भुरभुरवतो. चंद्र पुठ्ठ्याचा. साथीला एक पियानो आणि एक हार्प.

‘द फँटॅस्टिक्स’ या म्युझिकलचा, म्हणजे गाण्यांतून पुढे सरकणाऱ्या नाटकाचा, पहिला प्रयोग ३ मे १९६० रोजी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या सलिव्हन स्ट्रीट प्लेहाउसमध्ये झाला तो एवढ्याच सामानावर. थिएटरात खुर्च्या १५३. नेपथ्याला ९०० डॉलर लागले, कपड्यांना ५४१, आणि नाटक उभं करायचा एकूण खर्च १६,५०० डॉलर. परीक्षणं संमिश्र आली. बंद करा, असा सल्ला निर्माते लोर नोटो यांना मिळाला. त्यांनी तो ऐकला नाही. शेवटचा प्रयोग झाला १३ जानेवारी २००२ रोजी, आणि तोपर्यंत प्रयोगांची संख्या १७,१६२ झाली होती. त्याच १५३ खुर्च्यांसमोर.

हा आकडा सांगून लोक थक्क होतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. मला या आकड्यापेक्षा त्यामागचा एक निर्णय मोठा वाटतो. बेचाळीस वर्षांत हे नाटक मोठ्या थिएटरात हलवण्याचा विचार कोणाच्याच मनात आला नसेल, असं शक्य नाही. तरीही ते हललं नाही. आज एखाद्या छोट्या म्युझिकलनं दहा आठवडे हाउसफुल्लची पाटी लावली की पहिला प्रश्न येतो तो ‘ब्रॉडवेवर कधी?’ किंवा ‘वेस्ट एंडला कधी?’ एवढाच, म्हणजे न्यूयॉर्कच्या किंवा लंडनच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत कधी. छोटं थिएटर म्हणजे जणू बालवाडी, आणि मूल हुशार निघालं की त्याला वरच्या वर्गात ढकलायचंच. हा समज मला घातक वाटतो. त्यानं चांगली नाटकं मारली आहेत, आणि ती मेल्यावर खापर नाटकांवरच फुटलं आहे.

आधी हिशेब सरळ मांडतो. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि ऑफ-ब्रॉडवे यांतला फरक रस्त्याचा नसून खुर्च्यांचा आहे. ५०० किंवा त्याहून जास्त खुर्च्या असतील तर ब्रॉडवे, १०० ते ४९९ असतील तर ऑफ-ब्रॉडवे, त्याखाली ऑफ-ऑफ-ब्रॉडवे. आठवड्याला सहसा आठ प्रयोग होतात. १५३ खुर्च्यांच्या थिएटरला आठवड्याला १,२२४ माणसं लागतात. हजार खुर्च्यांच्या थिएटरला आठ हजार. म्हणजे दर आठवड्याला आठ हजार अशी माणसं, ज्यांतल्या बहुतेकांनी त्या नाटकाचं नाव गेल्या महिन्यात ऐकलेलंही नसतं. कल्ट, म्हणजे एखाद्या नाटकाचा छोटा पण कट्टर चाहतावर्ग, नेमका याच्या उलटा असतो. त्यात माणसं कमी असतात, पण तीच पुन्हा पुन्हा येतात, गाणी पाठ करतात, आणि दर खेपेला एखाद्या मैत्रिणीला हाताला धरून घेऊन येतात. दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिथल्या देहांगनो भागात शंभराहून जास्त छोटी थिएटरं आहेत. तिथे एकच नाटक वारंवार पाहणाऱ्यांना ‘फिरत्या दाराचे प्रेक्षक’ म्हणतात. बाहेर पडले की त्याच दारातून परत आत. अशा प्रेक्षकांवर छोटं थिएटर वर्षानुवर्षं चालतं. मोठ्याचं भाडं त्यांच्यानं निघत नाही.

आता एकाच इमारतीची गोष्ट सांगतो, कारण माझं म्हणणं तिथे फार स्वच्छ दिसतं. मॅनहॅटनमध्ये पश्चिमेकडच्या ४४व्या रस्त्यावर बेलास्को थिएटर आहे. १९०७ सालची वास्तू, साधारण हजार खुर्च्या. गेल्या पन्नास वर्षांत तीन छोटी म्युझिकल्स वेगवेगळ्या ठिकाणांहून या रंगमंचावर पोचली आणि तिघांचं नशीब निराळं निघालं.

पहिलं होतं ‘द रॉकी हॉरर शो’. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या माडीवर, ६३ खुर्च्यांच्या खोलीत, जून १९७३ मध्ये ते सुरू झालं. विज्ञानकथांची आणि भीतिपटांची उघड थट्टा, रॉक अँड रोल, आणि सभ्य प्रेक्षकाला अवघडून टाकणारा नायक. लंडनमध्ये एका जागेतून दुसऱ्या जागेत जात ते १९८० पर्यंत चाललं, २,९६० प्रयोग झाले. मार्च १९७५ मध्ये ते बेलास्कोत आलं. त्यासाठी थिएटरला कॅबरेचं रूप देण्यात आलं. प्रयोग झाले ४५. न्यूयॉर्कनं नाक मुरडलं आणि विषय संपला असं वाटलं. पण १९७६ मध्ये त्याच शहरातल्या एका चित्रपटगृहात त्यावरून निघालेला चित्रपट मध्यरात्री लावायला सुरुवात झाली, आणि प्रेक्षक पडद्याकडे बघून संवाद ओरडू लागले, पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले. म्हणजे शहर तेच, गोष्ट तीच, गाणीही तीच. ४४व्या रस्त्यावर जी माणसं मिळाली नाहीत ती मध्यरात्रीच्या खेळाला मिळाली. या नाटकाला प्रेक्षकाचा श्वास चेहऱ्यावर लागतो. ब्रॉडवेच्या रीतसर संध्याकाळी, नवं काय आलंय ते बघायला आलेल्या अनोळखी गर्दीकडून तो मिळत नाही.

दुसरं ‘हेडविग अँड द अँग्री इंच’. पूर्व बर्लिनमधून अमेरिकेत आलेली, लिंगबदलाची शस्त्रक्रिया फसलेली एक रॉक गायिका आपली कहाणी गाऊन सांगते, बस. १९९८ मध्ये जेन स्ट्रीटवरच्या एका जुन्या हॉटेलच्या दालनात ते सुरू झालं. टायटॅनिकमधून वाचलेल्या खलाशांना याच हॉटेलात ठेवलं होतं, आणि हेडविग ते प्रेक्षकांना सांगायची. जागेचा इतिहास संहितेत आला होता. तिथे ८५७ प्रयोग झाले. सोळा वर्षांनी, २०१४ मध्ये, ते बेलास्कोत आलं तेव्हा खरा पेच पडला. पडक्या हॉटेलात गाणारी उपेक्षित बाई ब्रॉडवेच्या झुंबराखाली कशी काय उभी राहणार? त्यांनी काढलेला तोडगा मला अतिशय आवडतो. हेडविग सांगते की इथे एका युद्धपटावर बेतलेलं भव्य म्युझिकल सुरू झालं होतं, ते पहिल्याच रात्री मध्यंतरात बंद पडलं, आणि त्याचा सेट अजून काढलेला नाही म्हणून आजची रात्र मला मिळाली. मागे मोडक्या गाड्यांचा तो उसना सेट दिसतो. म्हणजे एवढं मोठं थिएटर कथेतच एक अपघात ठरलं. हेडविग तिथेही उपरीच राहिली, दुसऱ्याच्या घरात एका रात्रीपुरती शिरलेली. त्या वर्षी या पुनरुज्जीवनाला टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार, मिळाला. नील पॅट्रिक हॅरिससारखा प्रसिद्ध नट होता म्हणून चाललं, असं म्हणणारे म्हणतात, आणि तिकीटबारीला त्याचा आधार होताच. पण त्याच्यानंतर दुसरे नट त्या भूमिकेत आले आणि नाटक सप्टेंबर २०१५ पर्यंत उभं राहिलं. ते त्या युक्तीच्या पायावर उभं होतं, असं माझं मत आहे.

तिसरं ‘मेबी हॅपी एंडिंग’. ह्यू पार्क आणि विल अॅरनसन यांचं हे म्युझिकल २०१६ मध्ये सोलच्या छोट्या रंगमंचावर आलं आणि तिथे त्याचे मोसमामागून मोसम झाले. गोष्ट दोन यंत्रमानवांची आहे. मालकांनी निवृत्त केलेले, सुटे भाग मिळणं बंद झालेले, शेजारशेजारच्या खोल्यांत दिवस ढकलणारे. एक दिवस क्लेअर ऑलिव्हरचं दार ठोठावते, कारण तिचा चार्जर बिघडलाय आणि तिला त्याचा थोडा वेळ उसना हवाय. नाटकाचा सगळा जीव या मागणीत आहे. त्यात राज्य जिंकायचं नाही, की जगाला वाचवायचं नाही. एका शेजारणीला चार्जर हवाय, आणि दार उघडायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. ऑलिव्हरकडे कुंडीतलं एक झाड आहे, त्याच्याशी तो बोलतो. आपला जुना मालक न्यायला येईल, याची वाट बघत असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हे बेलास्कोत सुरू झालं तेव्हा सुरुवातीची विक्री इतकी थंड होती की जाणत्या लोकांनी ते केव्हा बंद होणार याचा अंदाज बांधायला घेतला होता. मूळ पुस्तक नाही, चित्रपट नाही, ओळखीची गाणी नाहीत, नट चारच. पुढे प्रेक्षकांनीच ते तोंडोतोंडी उचललं, आठवड्याची कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली, आणि जून २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह सहा टोनी मिळाले. इथे मला स्वतःलाच उत्तर द्यावं लागतं. छोट्या नाटकानं मोठ्या घरात जाऊ नये म्हणणाऱ्या माणसाला हे नाटक तोंडावर पाडतं की नाही?

पाडलं असतं, पण रंगमंचावर त्यांनी काय केलं ते बघा. डेन लॅफ्रीच्या नेपथ्यात सरकत्या चौकटी आहेत. कॅमेऱ्याचं भिंग मिटतं तशा त्या चहूबाजूंनी सरकत येतात आणि एवढ्या मोठ्या काळोखात फक्त एक छोटी चौकोनी खोली उजळून राहते. त्या खोलीत एक यंत्रमानव आणि एक कुंडी. हजार माणसांची नजर खिडकीएवढ्या जागेवर बांधून ठेवलेली. छोटी खोली सोलमध्ये सोडून ते न्यूयॉर्कला गेले नाहीत, ती बरोबर घेऊन गेले. तिन्ही उदाहरणांतून मला दिसतं ते हेच: नाटक कुठेही जावो, ज्यात ते जन्मलं ती खोली त्याच्या बांधणीचा भाग असते, स्वर आणि शब्दांइतकाच. ती जपायचा उपाय सापडला असेल तर खुशाल जावं. हेडविगला आणि यंत्रमानवांना तो सापडला. नुसता हाउसफुल्लचा बोर्ड बघून निघालात तर पंचेचाळीस प्रयोगांनी परत यावं लागतं.

या खोलीचं एवढं काय, असं कोणी विचारेल. म्युझिकलमध्ये एक मूळचीच अडचण आहे. बोलता बोलता माणूस गायला का लागतो? मोठ्या रंगमंचावर तीस नर्तक आणि वीस वाद्यं हा प्रश्न बुडवून टाकतात. छोट्या खोलीत तो लपत नाही. समोरचा नट तुमच्यापासून चार हातांवर आहे. गाण्याआधी त्यानं घेतलेला श्वास ऐकू येतो. त्याला आता बोलणं शक्यच नाही, गाण्यावाचून गत्यंतर नाही, असं तुम्हाला पटलं नाही तर गाणं तिथेच पडतं. त्यामुळे छोट्या म्युझिकलच्या लेखकाला प्रत्येक गाणं कमवावं लागतं. मोठ्यांदा गायची सक्ती नसते, म्हणून कुजबुजीएवढं गाणंही लिहिता येतं. आणि पैसा थोडा अडकलेला असल्यामुळे विषयाची भीती वाटत नाही. फसलेली शस्त्रक्रिया, भंगारात निघालेले यंत्रमानव, काठीची भिंत, यांपैकी एकही कल्पना कोट्यवधी गुंतवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत पहिल्या झटक्यात मंजूर होणार नाही. या बैठकांना काय विचारायचं असतं ते ठरलेलं आहे: हे आधी कुठे चाललंय? जे आधी कुठेच झालेलं नाही, ते होण्यासाठी छोटी खोली लागते.

भविष्याचा विचार करताना लोक दोन गोष्टींवर फार भिस्त ठेवतात, ब्रॉडवे आणि इंटरनेट. पहिल्याबद्दल बोललो. दुसऱ्याचं उदाहरण ‘बी मोअर चिल’. २०१५ मध्ये न्यू जर्सीतल्या रेड बँक इथे ते आलं, थोडे आठवडे चाललं, आणि कोणी मोठ्या निर्मात्यानं उचललं नाही. गाण्यांचा अल्बम मात्र निघाला, आणि दोनेक वर्षांनी शाळकरी मुलांनी तो असा काही डोक्यावर घेतला की श्रवणांची संख्या कोट्यवधींत गेली. न्हाणीघरात दडून बसलेल्या एकट्या मुलाचं गाणं ही लाखो एकट्या मुलांची स्वतःची गोष्ट झाली. २०१८ मध्ये ते ऑफ-ब्रॉडवेला आलं, मार्च २०१९ मध्ये ब्रॉडवेवर सुरू झालं, आणि ११ ऑगस्ट २०१९ रोजी बंद झालं. त्या मुलांचं प्रेम खोटं होतं का? मुळीच नाही. पण ती जगभर विखुरलेली होती, तिकिटाचे पैसे आईबापांच्या खिशात होते, आणि एका शहरातल्या एका थिएटरला दर आठवड्याला आठ वेळा भरवणं हे काम त्यांच्यावर टाकणं चूकच होतं. या मुलांना न्यूयॉर्कचं तिकीट नको होतं. त्यांना ते नाटक आपल्या शाळेच्या सभागृहात स्वतः करायचं होतं.

माझ्या मते कल्ट म्युझिकलचं भविष्य तिथे आहे, दुसऱ्यांच्या हातात. ‘कॅरी’ या म्युझिकलची गोष्ट याच कारणासाठी सांगण्यासारखी आहे, कारण ती उलट्या दिशेनं घडली. हे मोठं म्हणूनच जन्माला आलं. रॉयल शेक्सपिअर कंपनीचा हात, प्रचंड सेट, लाखो डॉलर. मे १९८८ मध्ये ब्रॉडवेवर अधिकृत पाच प्रयोगांत ते कोसळलं आणि अपयशाचा वाक्प्रचार बनलं. पुढे जवळजवळ पाव शतक त्याच्या प्रयोगांचे हक्क कोणालाच मिळत नव्हते. चाहते चोरून केलेल्या फितींच्या घासलेल्या प्रती एकमेकांना देत राहिले. २०१२ मध्ये लेखकांनी ते पुन्हा लिहून, खूप लहान करून, तीनशेच्या आत खुर्च्या असलेल्या लुसिल लॉर्टेल थिएटरात आणलं. तिथेही ते फार चाललं नाही. पण अल्बम निघाला, हक्क खुले झाले, आणि आता शाळाकॉलेजांची पोरं ते करतात. शाळेत छळ होणाऱ्या मुलीची गोष्ट शाळेतच पोचायला चोवीस वर्षं लागली. ही चोवीस वर्षं वाया का घालवली, याचं दुःख मला वाटतं.

‘द फँटॅस्टिक्स’नं हे आधीच ओळखलं होतं. न्यूयॉर्कमधला मूळ प्रयोग चालू असतानाच गावोगावच्या हौशी मंडळींना हक्क दिले गेले. आठ-नऊ नट, एक काठी, एक पियानो, पुठ्ठ्याचा चंद्र, कोणत्याही गावाला परवडणारं. हजारो ठिकाणी ते झालं आणि त्यामुळे मूळ थिएटरची गर्दी कमी झाली नाही. आपल्या गावात नाटक पाहिलेला, किंवा त्यात भिंत होऊन उभा राहिलेला माणूस न्यूयॉर्कला गेला की सलिव्हन स्ट्रीट शोधत जायचा. आजचे निर्माते दौरा ठरेपर्यंत, चित्रपट ठरेपर्यंत हौशी हक्क अडवून धरतात. छोट्या नाटकाबाबत हे धोरण आत्मघाताचं आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरोखर टोचतो. छोट्या थिएटरात नटांना मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो. ‘छोटंच राहा’ असं सांगणारा माणूस खरं तर ‘तुम्ही गरीबच राहा, मला जवळून बघायला मजा येते’ असं सांगत असतो. कलाकारांनी मोठ्या घराची स्वप्नं पाहिली तर त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. भाडी वाढत जातात, छोटी थिएटरं बंद पडतात, आणि दोनशे खुर्च्यांत कितीही हाउसफुल्ल झालं तरी शिल्लक फारशी उरत नाही. म्हणूनच हा प्रश्न एकट्या निर्मात्याच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. सार्वजनिक पैसा, देणग्या, शहराच्या मालकीच्या जागा यांचं इथे काम आहे. लंडनमध्ये ‘ऑपरेशन मिन्समीट’ २०१९ मध्ये ८० खुर्च्यांच्या न्यू डायोरामा थिएटरात आलं, कारण त्या थिएटरनं ते कलाकारांकडून मुद्दाम करून घेतलं होतं. पाच नट, ऐंशीच्या वर भूमिका. मग साउथवर्क, मग रिव्हरसाइड ही लंडनचीच थिएटरं, दर मुक्कामी पुन्हा लेखन, पुन्हा तालमी. २०२३ मध्ये वेस्ट एंडला गेलं तेही फॉर्च्यूनमध्ये, तिथल्या सगळ्यांत लहान थिएटरांपैकी एकात. त्यानंतर ऑलिव्हिए हा लंडनचा मानाचा नाट्यपुरस्कार, आणि २०२५ मध्ये ब्रॉडवे. पहिल्या ऐंशी खुर्च्यांचा तोटा सोसायला कोणी तयार नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आणखी एक मागणी आहे, ध्वनिचित्रफितींची. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० पासून नाटकांचं चित्रीकरण जपून ठेवलं जातं. मोलाचं काम आहे. पण ते बघायला तिथे जाऊन, परवानगी घेऊन, तिथेच बसून बघावं लागतं. कलाकारांच्या आणि लेखकांच्या हक्कांसाठी तसे करार झालेत, आणि ते हक्क खरे आहेत. तरी काही वर्षांनी, प्रयोग बंद झाल्यावर, कलाकारांना वाटा देऊन या फिती पैसे घेऊन खुल्या करता येतील असा करार करणं अशक्य नाही. नाहीतर लोक चोरून केलेलं चित्रीकरण बघतात, त्यात आवाज फाटलेला असतो, पुढच्याचं डोकं मध्ये येतं, आणि नटाला एक छदामही मिळत नाही. ‘कॅरी’ चोवीस वर्षं अशाच फितींवर जगली.

हक्क लवकर खुले केले की नाटक बदलू शकतं, हा फायदा सहसा कोणी मोजत नाही. ‘द फँटॅस्टिक्स’मध्ये मुलीच्या लुटुपुटुच्या अपहरणाचं एक गाणं होतं. जुन्या अर्थानं वापरलेला बलात्कार हा शब्द त्यात विनोदासाठी पुन्हा पुन्हा यायचा. काळ बदलला, तो विनोद कानाला सहन होईना, आणि लेखक-संगीतकारांनी स्वतः त्याला पर्याय लिहून दिला. गीतकार टॉम जोन्स तिथेही थांबले नाहीत. २०२२ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहरातल्या एका छोट्या नाट्यसंस्थेनं हे म्युझिकल केलं. त्यासाठी जोन्स यांनी संहिता पुन्हा हातात घेतली आणि भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन मुलगे उभे केले. तेव्हा त्यांचं वय ९४ होतं. पुढच्याच वर्षी ते गेले.